घोट्याच्या वर चार बोटं

उंब्रजच्या पेठेत नानासो शिंप्याचं दुकान होतं. गावात सगळे धोतरवाले, त्यामुळं नानासोंकडं शिवायला यायच्या त्या बंड्या आणि बायकांच्या चोळ्या. पाटलोण बेतायला शिकला होता तो त्यांचा एकुलता मुलगा गुंडा, सांगलीत अनंतरावांच्या कपड्यांच्या दुकानी. पुढं तो पलटणीत गेला आणि चव्वेचाळीस साली इटलीत मेला. आधी तार आली. त्यानं मरायच्या आधी टाकलेलं पत्र त्यानंतर वीस दिवसांनी आलं.

पत्रात लिहिलं होतं, 'इथली माणसं लय झोकात राहतात. पाटलोण घोट्याच्या वर चार बोटं, पायाची मोहरी अरुंद, मोजे न्हाईत, नुसता बूट. चालताना लय देखणं दिसतं. मी आलो की आपण असल्याच शिवू.'

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात गावातला मानसिंग पलटणीतून घरी परतला. तो गुंडाच्याच कंपनीत होता. नानासोंनी त्याला दुकानात बोलावून पत्र वाचायला दिलं.

"असल्या पाटलोणी तू बघितल्यास?"

मानसिंगनं त्या बघितल्या होत्या. पलटणीचा स्वयंपाक व्हायचा त्या लंगरापाशी पाव मागायला येणाऱ्या माणसांच्या अंगात त्या असायच्या. धुऊन धुऊन आटलेल्या, नाहीतर मेलेल्या धाकट्या भावाच्या. मोजे त्यांच्यापाशी नव्हतेच. पण म्हातारा असा काही बघत होता की मानसिंग म्हणाला, "व्हय नाना. बघितल्यात."

"मग हुबा ऱ्हा हितं."

नानासोंनी टेप काढली. घोट्यापाशी वाकून खडूनं खूण केली. "एवढी?"

"जरा वर."

"आन वर काय घालत्यात?"

एकदा खोटं बोलल्यावर मानसिंगला थांबता येईना. "सदरा आत खोचायचा. बाह्या कोपरापतोर वळवायच्या. कोट असला तर घालायचा न्हाई, नुसता खांद्यावर टाकायचा."

नानासो हसले. तार आल्यापासून राहीबाईंनी नवऱ्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवं, खाली थोडं कापड दुमडून ठेवा. न्हाई खपल्या तर लांब तरी करता येतील."

"दुमडीनं मोहरी जाड व्हती. पडत न्हाई नीट," नानासो म्हणाले, आणि खुणेवर कापलं.

कापड कंट्रोलचं, मोजूनच मिळणारं. सहा महिन्यांत मिळालेलं सगळं त्यांनी बारा पाटलोणींत घातलं. बायका चोळ्यांसाठी खेटे घालून दुसऱ्या गावच्या शिंप्याकडं गेल्या. नानासोंनी एक पाटलोण मानसिंगला घालायला लावली. पेठेत त्याला लोक विचारायचे, "गड्या, वढ्याला पानी आलंय का?"

"गावाला काय कळतंय," नानासो म्हणाले. "सांगलीला जाऊ."

अनंतरावांनी दोघांना बसवून चहा पाजला. मानसिंगला उभं करून पाटलोण नीट पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"शिलाई सुरेख आहे, नानासो. गुंडाचाच हात वाटतो. पण चार वर्षं लोक कापड पुरत नाही म्हणून आखूड घालताहेत. विकत घेऊन कोण आखूड घालील?" मग म्हणाले, "लांबी सोडता येईल का?"

"न्हाई," नानासो म्हणाले.

स्टँडवर मोटारीला अवकाश होता. दोघे बाकावर बसले, पाटलोणींचं गाठोडं मध्ये. मानसिंगला राहवलं नाही.

"नाना, मी खोटं बोललो. ती फॅशन नव्हती. त्या मानसांपाशी कापडच नव्हतं."

नानासोंनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "गुंडाला ठावं हुतं?"

"व्हय. तोच त्यांच्या फाटक्या पाटलोणींना टाके घालून द्यायचा."

"मग त्यानं असं का लिवलं?"

"घरी दुसरं काय लिवायचं, नाना? आमी समदीच तसं लिवायचो."

"आन आल्यावर शिवू म्हनला, ते?"

"ते खरं हुतं."

ते खरंच खरं होतं. गुंडा रोज दुकानाचं बोलायचा, मशीन कुठल्या भिंतीला लावायची तेसुद्धा. मानसिंग ते सगळं सांगू लागला. नानासोंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. मानसिंगच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

पुढच्या आठवड्यात नानासोंनी बाराही पाटलोणी गुडघ्यावर कापून शाळेच्या पोरांसाठी चड्ड्या केल्या. खालचे तुकडे कशालाच पुरेनात. चोळ्यांच्या बायका परत आल्या नाहीत.

मानसिंग एकदा दुकानावरून जात होता. राहीबाईंनी त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं. सांगलीत काय झालं ते नवऱ्यानं त्यांना सांगितलं नव्हतं.

"गुंडा हुता त्या गावची मानसं लय झोकात ऱ्हायची म्हनं," त्या म्हणाल्या. "गाव कसं हुतं रं ते?"

मानसिंगनं नानासोंकडं पाहिलं. ते मशीनवर वाकले होते, मान वर केली नाही.

"चांगलं हुतं," मानसिंग म्हणाला आणि पाणी तसंच ठेवून उठला. त्यानंतर तो नदीवर दुकानावरून न जाता मागल्या बोळानं जायला लागला.