कुबडी पुसली, सावली राहिली

वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत व्हिडिओ संपला. पडद्यावर अनुजा कळंबा तलावाच्या काठाने चालत गेली होती. तिच्या काखेत मी नव्हते. समोर खुर्चीत बसलेल्या अनुजाच्या मांडीवर मात्र मी आडवी होते.

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे, आणि आज मी फार संतापले आहे.

माझा जन्म कोडोलीच्या एका सुताराच्या हातून झाला. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून अकरा वर्षांच्या अनुजाचा पाय अधू झाला, तेव्हा तिच्या वडिलांनी, बाळासोंनी, माझ्यासाठी सागाचे लाकूड स्वतः निवडले. ती उंच होत गेली, तसा सुताराने मला खालून दोनदा जोड दिला. ते सांधे मी दागिन्यांसारखे मिरवले. शाळेच्या वाटेवरचा चिखल, कॉलेजचे तीन जिने, बँकेतल्या नोकरीचा पहिला दिवस. तिचा भार मी वाहिला. "पोरीचा तिसरा पाय हाय ह्यो," असे बाळासो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग स्थळे येऊ लागली आणि मी दाराआड गेले. आता मुलीच्या माहितीसोबत तिचा चालतानाचा व्हिडिओही मागवतात. रंग उजळायचे आहेत, असे अनुजाला सांगून बाळासोंनी तो राजवीरच्या स्टुडिओत दिला. एका सेकंदात पंचवीस चित्रे असतात. त्या प्रत्येक चित्रातून राजवीरने मला खोडले. माझ्या जागी त्याने गवत भरले, पाणी भरले, तिच्या साडीची किनार भरली. इतक्या हळुवार हाताने कोणी कोणाला मारले नसेल! फक्त एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. काठावरच्या मातीत माझी सावली तशीच होती, हवेवर रेललेल्या अनुजाच्या पावलांशी पावले जुळवत.

राजवीरने व्हिडिओ मागे नेऊन सावलीवर बोट ठेवले. "काका, सावली काढतो की आत्ता. पण खांदा वर उचललेलाच राहणार. त्यो कसा काढू?"

"काय बी कर. पावण्यास्नी काठी दिसाय न्हाय पायजे," बाळासो म्हणाले.

"आबा, तुम्ही रंगाचं म्हणालासा," अनुजा म्हणाली.

"रंगच की ह्यो."

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, एवढे सांगून थांबण्याइतकी मी आज शांत नाही. माझे रबर झिजले तर नवे मिळते. पण ज्याच्या आधाराने तुमचे माणूस उभे आहे, त्याची लाज धराल, तर उद्या त्या माणसाचीही धराल. बाळासोंनी ती धरलीच आहे.

अनुजाने मला जमिनीवर टेकवले. माझ्या दोन्ही सांध्यांवर भार देऊन ती ताठ उभी राहिली.

"हितनं काढली, आबा. मांडवात मी चालू कशी?"

बाळासोंनी टेबलावरची टोपी उचलली. एरवी प्रत्येक जिन्यावर ते आमच्यापुढे एक पायरी उतरून थांबत. आज त्यांची पावले खाली रस्त्यापर्यंत ऐकू आली. मध्ये एकदाही थांबली नाहीत.