माझ्या कपाळावरचा एकाहत्तर

मी एक कार्ड आहे, पण मला आजवर कुणी हातात घेतलेलं नाही. कारण मी कागदाचा नाही. टीव्हीला जोडलेल्या एका डब्यात, बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये मी राहतो. माझ्यावर एका खेळाडूचं चित्र आहे, राखाडी कड आहे आणि वरच्या कोपऱ्यात एक आकडा आहे: एकाहत्तर.

तो आकडा मला जन्मतःच मिळाला. दूरदेशी एका कचेरीत कुणीतरी माझ्या वेगाला, उडीला, पासला, शॉटला, दमाला वेगवेगळे गुण दिले आणि सगळ्यांचा मिळून हा एक आकडा काढला. ज्याचं चित्र माझ्यावर आहे तो उंचीनं कमी आहे. कुठल्याशा संघात बाकावर बसतो म्हणे.

नवीन जालन्यातल्या शौनककडे मी गेममध्येच मिळणाऱ्या, आत कुठलं कार्ड आहे ते न कळणाऱ्या फुकटच्या पाकिटातून आलो. शौनक बँकेत नोकरीला आहे. घरी आला की शर्टही न बदलता गेम लावतो. त्या दिवशी पाकीट फोडण्याआधी डोळे मिटून म्हणाला, "राजूरच्या गणपती, आज सोनेरी कडेचं येऊ दे." पाकीट फुटलं, मी बाहेर आलो आणि त्याचं तोंड उतरलं.

"हट्! एकाहत्तर. भंगार निघालं."

शेजारी त्याची धाकटी बहीण स्वरा बसली होती. "बघू तरी दे, दादा."

"त्यात काय बघायचं? तूबी एकाहत्तरच. म्हणून आवडला का?"

स्वरा हसली नाही. ती खरा बास्केटबॉल खेळते आणि येत्या रविवारी जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. तिची उंची पाच फुटांना जेमतेम टेकते. मागच्या वर्षी उंची मोजली तेव्हाच, बॉल हातात यायच्या आधी, ती रांग सोडून घरी आली होती. "यंदा मी जाणारच न्हाई," असं तिनं सकाळीच जाहीर केलं होतं.

या गेममध्ये माझ्यासारख्यांची वाट ठरलेली असते. अशी सात कार्डं दिली की बदल्यात एक भारी कार्ड मिळतं. दिलेली सात मात्र कायमची पुसली जातात. शौनककडे सहा होती. मी सातवा. तो मला बदलीच्या खणात ढकलणार, इतक्यात शैलाआत्या चहाचा कप घेऊन आल्या.

शैलाआत्या वरच्याच मजल्यावर राहतात. बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासणं हे त्यांचं काम. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा आणि दिवस भरले की किती नीट उगवले ते बघायचं. कॉलेजात असताना त्याही बास्केटबॉल खेळत. आता शौनकबरोबर गेम खेळतात.

"थांब रे. कुणाला पुसून राह्यला?"

"आत्या, एकाहत्तर आहे."

"ते पाकिटावरचं झालं. आत काय आहे?"

त्यांनी कंट्रोलर घेतला आणि मला सरावाच्या मैदानात नेलं. एकाच जागेवरून शंभर शॉट मारायला लावले. शौनक वैतागला. "हे काय तुझं बियाणं आहे का?"

"गप बस. चहा पी."

मग त्यांनी मला पळवलं, दमवलं, उंच खेळाडूसमोर उभं केलं. मला वाटलं, या माझी बाजू घेतील. पण त्या सरळ म्हणाल्या, "अडवण्यात हा बिलकुल कच्चा. उडी न्हाई. दम न्हाई."

मी खजील झालो.

"मंग मी काय म्हणून राह्यलो?" शौनक म्हणाला.

"पुरं ऐक. बॉल हातातून किती जल्दी सुटतो बघ. समोरच्याचा हात वर यायच्या आत गेलेला असतो. शंभरातले साठाच्या वर आत पडले. आकडा खोटा न्हाई रे, पण त्यात उडीचेबी गुण धरलेत. आपल्याला ह्याला उडी मारायला लावायचंच न्हाई."

शौनकला पटलं नाही. तेव्हा एक मॅच ठरली. त्याचे सोनेरी पाच एकीकडे. दुसरीकडे मी आणि चार साधे, कंट्रोलर स्वराच्या हातात.

स्वरानं मला एकदाही बास्केटखाली नेलं नाही. कोपऱ्यात उभं केलं. बॉल आला की लगेच शॉट, नाहीतर लगेच पास. शौनकचा ब्याण्णव आकड्याचा धिप्पाड गडी माझ्यामागे धावायचा आणि पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा.

"अरे पकड त्याला! कुठं बघून राह्यला!" शौनक ओरडला.

"तुझाच माणूस आहे, दादा. त्याला शिव्या दे, टीव्हीला नको."

शेवटी शौनकच जिंकला, दोन गुणांनी. शेवटच्या क्षणी त्याच्या ब्याण्णवनं माझ्या डोक्यावरून उडी घेतली आणि मी नुसता बघत राहिलो.

स्वरानं कंट्रोलर खाली ठेवला. टीव्हीकडे बघतच तिनं विचारलं, "आत्या, माझा आकडा किती गं?"

शौनकनं मान खाली घातली. शैलाआत्या तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"उंचीत तू कमीच. ते कशाला लपवू? पण बॉल तुझ्या हातात अडकलेला मी कधी पाह्यला न्हाई. रविवारी आधी उंची लिहितील. लिहू दे. तू रांगेतून हलू नको. बॉल हातात येईस्तोवर तिथंच थांब."

"आणि मंग?"

"मंगचं मी कसं सांगू? दाणा कागदावर ठेवल्याबिगर मी कधी काही सांगत न्हाई."

रविवारी डबा बंद होता, म्हणून मैदानावर काय झालं ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पडदा उजळला तेव्हा शौनक फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बारा जणींत बारावी घेतली. हो, बाकावरच बसंल सध्या. पण घेतली ना!"

बाकाची जागा मला ठाऊक आहे. तिथून मैदान सगळं दिसतं.

त्यानंतर मला कुणी खेळवलं नाही. स्वराचा रोज संध्याकाळी सराव असतो आणि तिला आणायला-सोडायला शौनक जातो. डब्यावर धूळ साचली. अशी धूळ साचली तर मी तक्रार करत नाही.

आज बऱ्याच दिवसांनी त्यानं गेम लावला. ते भारी कार्ड त्याला अजून हवंच आहे. त्यानं मला सातव्या जागी नेलं. पडद्यावर प्रश्न आला: ही कार्डं द्यायची? परत मिळणार नाहीत. त्याचा अंगठा बटणावर थांबला.

"दादा, मैदानावर सोडतो का? ऑटो मिळून न्हाई राह्यला." स्वरा दारात बूट बांधत होती. तिनं पडद्यावर मला पाहिलं. "देऊन टाक की त्याला. माझं काय अडलंय आता?"

शौनकनं कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि गाडीची चावी उचलली. "चल एकाहत्तर, उशीर होईल."

"निघ की, ब्याण्णव."

दोघं गेले. प्रश्न पडद्यावर तसाच आहे. परत येऊन तो 'हो' म्हणाला तर मी जाईन. जाण्याआधी मागणं एवढंच: माझ्यानंतर राखाडी कडेचा कुणी आला, तर त्याला एकदा सरावाच्या मैदानात न्या. कच्चा असेल तर कच्चा म्हणा, पण बॉल त्याच्या हातात देऊन मग म्हणा.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पोचेल ती वेळेत.