मुदत

"आंटी, पाँच साल का कर दूँ?"

काउंटरपलीकडे बसलेल्या सोनिया नावाच्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं. सत्यभामा मुदत ठेवीची जुनी पावती हातात धरून उभी होती. मागे रांग वाढत होती.

"एक साल का कितना मिलेगा, बेटा?"

"उससे कम. और आगे रेट और गिरेंगे, आंटी. बाजार का कोई भरोसा नहीं है अभी. पाँच साल का कर लोगे तो जो आज है वही मिलता रहेगा. बस बीच में मत तोड़ना, पेनल्टी लगती है."

मुलगी चांगली होती. दुसऱ्या कुणी विमा गळ्यात मारला असता, शेअरबाजाराच्या गोष्टी सांगितल्या असत्या. हिने सरळ सांगितलं. पण सरळ सांगितलेलंही महागच होतं. जुन्या ठेवीवर महिन्याला बारा हजार व्याज यायचं. आता एकदम कमी मुदत घेतली तर दहाही येणार नव्हतं. पाच वर्षांची घेतली तर दहाच्या थोडं वर.

पण पाच वर्षं! नवऱ्याला, देवीदासांना, लकवा मारून दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात बाहेर बोलावून सांगितलं होतं, "सेवा करत राहा, बाई." बास, एवढंच. पैसा पाच वर्षं अडकवला आणि उद्या दवाखान्यात न्यावं लागलं तर ठेव मोडावी लागणार. एक वर्षाची घ्यावी तर... एक वर्षाची घ्यावी असं म्हणताना तिची जीभ अडली.

"पाच," ती म्हणाली.

मुलीने बटण दाबलं. पाच म्हणताना आपण माणसाचा विचार केला की व्याजाचा, हे सत्यभामाला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

देवीदास उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. तापलेल्या लोखंडाचे गज वरून उचलून अलगद खाली ठेवायचे, तीस वर्षं, एकदाही अपघात नाही. निवृत्त झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडाचा सगळा पैसा त्यांनी मुदत ठेवीत टाकला. लोकांनी जमीन घे म्हटलं, चिट फंडात टाक म्हटलं. ते म्हणाले, "मले रात्री झोप पाहिजे." त्या व्याजावर आणि मुठीत मावेल एवढ्या पेन्शनवर गुढियारी वस्तीतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर चालत होतं.

बँकेतून ती घरी आली तेव्हा गोदावरी त्यांना भरवत होती. गोदावरी धमतरीकडची, पस्तिशीची, काटक. महिन्याला सहा हजारांवर सकाळी यायची, संध्याकाळी जायची. सहा फुटी देवीदासांना पलंगावरून खुर्चीत बसवणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं, सगळं तिच्या अंगावर. सत्यभामाची कंबर गेली होती. तिच्याने पाण्याची बादलीही उचलवत नव्हती.

"पाच सालांची केली," तिने नवऱ्याला सांगितलं.

"हव," देवीदास म्हणाले. लकव्यानंतर त्यांच्यापाशी होकाराचा हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी हव, दुखलं तरी हव.

संध्याकाळी संघर्षचा फोन आला. मुलगा, सून भावना आणि नात हैदराबादला होते. दोन वर्षांपूर्वी त्याने फ्लॅट घेतला तेव्हापासून त्याच्या बोलण्यात हप्त्याशिवाय दुसरं काही नसे. आज त्याला मदत मागायची असं सत्यभामाने दिवसभर मनात घोळवलं होतं. फार नाही. गोदावरीच्या पगारात थोडी भर टाक, एवढंच.

"आई, खुशखबर! रिझर्व बँकेनं रेट कम केला ना, माझा हप्ता उतरला!"

"हव का?"

"अरे, सालभरात तिसऱ्यांदा. भावना तर नाचूनच राहिली. मग आम्ही पोट्टीले स्विमिंगले टाकलं. डॉक्टर बोलले होते ना, तिच्या दम्याले चांगलं म्हणून. फीस भरून टाकली आजच."

सत्यभामाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगलं केलं, बाबू."

"तू काही म्हणत होती का? सकाळी मिस्ड कॉल होता तुझा."

"काही नाही. बाबा बरे आहेत, म्हणून सांगत होती."

व्याज उतरल्याची तीच एक बातमी. तिकडे नातीचा श्वास मोकळा करणारी, इकडे गळा आवळणारी. रागवायचं तरी कोणावर? पोराने काही चोरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने गोदावरीला ओट्यावर बसवून चहा दिला.

"चार हजार में नहीं होगा, गोदावरी? सुबह-सुबह आ जाना. बस उनको उठाकर, नहलाकर चली जाना."

गोदावरीने कप खाली ठेवला. सत्यभामाला ती दाई, म्हणजे आई, म्हणायची.

"दाई, सदर बाजार के सेठ की माँ गिर गई है. आठ हजार बोल रहे हैं. मैं तुम्हारे कारण हाँ नहीं बोली थी." मग ती हळूच म्हणाली, "मोर घर घलो किराया के हे, दाई." तिचं घरही भाड्याचं होतं.

"जा," सत्यभामा म्हणाली. "काहून नाही जायचं? जा."

जाताना गोदावरी देवीदासांच्या पाया पडली. "जाथंव बबा," ती म्हणाली.

"हव," देवीदास म्हणाले.

पहिले काही दिवस शेजारच्या नरहरने मदत केली. तो रेल्वेत होता, मग त्याची ड्यूटी बदलली. एका दुपारी देवीदासांचा बिछाना ओला झाला आणि घरात तिच्याशिवाय कोणीच नव्हतं. थांबून चालणार नव्हतं. पाठीला आधीच लाल चट्टे पडले होते.

गोदावरी कशी उचलायची ते सत्यभामाने रोज पाहिलं होतं. गुडघ्याला गुडघा टेकवायचा, त्यांचा हात आपल्या मानेभोवती घ्यायचा आणि झटक्यात वर. तिने तसंच केलं. ते उठले. एक क्षण दोघं समोरासमोर उभे राहिले, लग्नातल्यासारखे. मग तिच्या कमरेत कळ आली आणि ते पूर्ण भारानिशी तिच्या अंगावर आले. पलंगाच्या कडेला घासत दोघं फरशीवर.

लागलं फारसं नव्हतं. पण उठता येईना. तिने दोनदा हाका मारल्या. गल्लीत सगळीकडे कूलर घरघरत होते. दारं लावून माणसं झोपली होती. तिसरी हाक तिने मारलीच नाही. त्यांचं डोकं तिच्या दंडावर होतं. तो दंड बधिर होत चालला होता. पाच वर्षं, तिच्या मनात आलं, आणि आज तर महिनाही झाला नाही. ती रडली नाही. रडायला छाती भरून श्वास लागतो, तो तिच्याजवळ नव्हता.

काहीतरी सळसळलं. तिने मान वळवली.

पडताना तिची साडी पार गुडघ्याच्या वर गेली होती. देवीदास चांगला असलेला डावा हात लांबवून पदराची नव्हे, निऱ्यांची कड शोधत होते. चिमटीत धरायचे, खाली ओढायचे, सुटायची. पुन्हा धरायचे. उघड्या दारातून ऊन थेट तिच्या पायांवर आलं होतं. बोटभर साडी खाली सरकली, मग आणखी बोटभर.

ती हलली नाही. त्यांचं होईपर्यंत तशीच पडून राहिली.