आधी हाक, मग चावी

कुलूपवाल्यांच्या त्या घरात एक शिस्त होती. कुठल्याही बंद दाराशी गेलं, की आधी थाप मारायची, "आहे का कोणी आत?" असं मोठ्यानं विचारायचं, जरा थांबायचं, आणि मगच कुलपाला हात लावायचा. घरमालक शेजारी उभा राहून "अहो, आत कोणी नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" असं कपाळाला हात लावून सांगत असला, तरीही. म्हातारा कुलूपवाला म्हणायचा, "घराला न विचारता शिरतो तो चोर. आपण कारागीर."

म्हातारा देवाघरी गेला, पण शिस्त मागे राहिली. त्याची थोरली मुलगी शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला ताईच म्हणे. धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, आणि बापाची हत्यारं त्याच्या हातात दिली. ती दोघं स्वतःच्या रिकाम्या घराचं कुलूप काढतानाही हाक द्यायची. शेजारीण हसायची, "काय गं, भिंती चहा टाकून बसल्यात का तुझी वाट बघत?"

आणि अशा घरातल्या धाकट्याची बुद्धी फिरली. एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या दाराला नवं कुलूप बसवायला गेला, तेव्हा उघड्या कपाटात दागिन्यांचा डबा दिसला. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी तो परत गेला, स्वतः बसवलेलं कुलूप उघडून डबा उचलला, आणि जाताना दार पहिल्यासारखं बंद करून गेला. पुढे शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा शिक्षिका मागच्या खोलीत जमिनीवर मरून पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, चोरीच्या आधीच ती पाय घसरून पडली होती; पण चोर आला त्या वेळी जिवंत होती. कोणी वेळेवर पोचलं असतं तर वाचली असती.

पोलीस धाकट्याला धरायला आले, तेव्हा त्यानं चोरी लगेच कबूल केली. त्याच्या वकीलबाईंनी ताईला समोर बसवून नीट समजावलं.

"चोरीचा प्रश्न संपला, ताई. आता शिक्षेचं बघायचं. गुन्हा एकच असतो, पण त्याला काय काय चिकटलंय त्यावर शिक्षा वाढते. कुलूप त्यानंच बसवलेलं, म्हणजे विश्वासघात. बाई म्हातारी, एकटी राहणारी. ही दोन्ही वजनं पारड्यात पडली, ती काही मला उचलता येत नाहीत. तिसरं मात्र अजून पडायचंय. बाई आत पडलीय हे माहीत असून तो कुलूप लावून गेला का?"

"तो काय म्हणतो?"

"घर गप्प होतं म्हणतो."

"मग गप्पच असणार. माझा भाऊ आहे तो."

"तेच कोर्टात सांगा. माणूस कसा आहे, एवढंच. उगाच पाल्हाळ लावू नका."

सुनावणीच्या आदल्या दिवशी ताई त्याला तुरुंगात भेटायला गेली. जाळीपलीकडे तो निम्मा झाला होता. घरचं, गल्लीचं विचारून झालं, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, तू अजून हाक देतेस का? घर उघडताना?"

"देते की."

"कोणी ओ देतं?"

"वेडा आहेस का? रिकाम्या घरातून कोण ओ देणार?"

"नाही, सहज विचारलं," तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मागचं दार पहारेकऱ्यानं खाडकन उघडलं, तसा तो कान झाकून भिंतीला चिकटला.

त्या संध्याकाळी ताईनं दाराशी हाक दिली आणि तिच्या लक्षात आलं, की रोज आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, तो आज आला नाही. आत कोणीतरी तो झेलून धरल्यासारखं वाटलं. देवाचं नाव घेऊन ती आत गेली. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साक्षीला उभी राहिली. देवाला स्मरून खरं सांगेन म्हणाली, आणि खरंच मन मोकळं करून बोलली. भाऊ कसा कष्टाळू, कसा भिडस्त. न्यायाधीश कान देऊन ऐकत होते. वकीलबाई समाधानानं मान डोलवत होत्या. त्यावर ताईला धीर आला.

"साहेब, आमच्या बाबांची शिकवण त्यानं कधी मोडली नाही. आजवर एकही कुलूप हाक दिल्याशिवाय उघडलं नाही त्यानं. रिकामं घर असो, स्वतःचं असो. थाप मारणार, 'आहे का कोणी आत' विचारणार, थांबणार. हातच उठत नाही हो त्याचा त्याशिवाय!"

वकीलबाईंची मान डोलायची थांबली.

सरकारी वकील सावकाश उठले. आवाजही त्यांनी चढवला नाही. "ताई, कधीच नाही म्हणता?"

"कधीच नाही."

"मग त्या दुपारीही हाक दिली असेल."

तेव्हा कुठे ताईला उमगलं. भावाला वाचवायला जी गोष्ट तिनं अभिमानानं पुढे केली, तीच तिसरं वजन ठरत होती. 'ठाऊक नाही' म्हटलं असतं तर कोण धरणार होतं तिला? तिनं भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. कोर्टाच्या बंद दाराकडे बघत होता, कान लावून.

"दिली असेल," ताई म्हणाली. "दिलीच असेल."

न्यायाधीश धाकट्याकडे वळले. "दिली होती?"

"दिली, साहेब."

"आणि उत्तर?"

धाकट्यानं दाराकडची नजर काढली. "आलं. म्हणाली, 'कोण ते? बाळा, जरा पाणी दे रे.' मी डबा घेतला आणि तिच्या खोलीकडे न बघता निघालो. आता कुठलंही दार उघडलं की ती विचारते, साहेब. पहारेकरी हाक न देताच उघडतो, तरी विचारते."

शिक्षा वाढली. कबुलीमुळे काही वर्षं कमी केली असं न्यायाधीश म्हणाले, पण उरली तीही आयुष्य पोखरायला पुरेशी होती. नेताना धाकटा ताईपाशी थांबला. ती रडत म्हणाली, "मीच बुडवलं रे तुला."

"नाही गं," तो म्हणाला. "दार वाजलं बघ आत्ता. काही ऐकू आलं नाही मला." त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी झोप उतरल्यासारखी दिसत होती.

ताई घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. चावी हातात होती. मन म्हणत होतं, आज हाक देऊ नको, गुपचूप उघड. पण हात आपसूक उठला आणि थाप पडली.

"आहे का कोणी आत?"

ती थांबली. आणि आतून, मागच्या खोलीतून, जमिनीलगत, कोरड्या पडलेल्या घशातून आवाज आला.

"कोण ते? बाळा, जरा पाणी दे रे."

ताईला शेजारणीकडे पळावं असं वाटलं. मग वाटलं, भाऊ पळालाच होता की. तिनं देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली, आणि दार सताड उघडं ठेवलं.

"आले हं, आजी."

दिवा न लावताच तिनं पेला भरला. मागच्या खोलीत पलंग होता, पण पेला तिनं खाली जमिनीवर ठेवला, आणि बाजूला भिंतीला टेकून बसली. बऱ्याच वेळानं अंधारात पेला हलला, आणि कोणीतरी घोट घेतला.

ताईनं मान वर केली नाही.

"सावकाश, आजी," ती म्हणाली. "अजून आणते."