लॅव्हिनियाची फळी

क्रूझर लॅव्हिनियाने चौदा वर्षं साम्राज्याचं रक्षण केलं. त्यातली अकरा ती दुरुस्तीला होती. शत्रूने तिला कधी पाहिलं नाही. बॉयलर मात्र फुटला आणि भट्टीत कोळसा टाकणारा विल्फ ट्रेगेन गेला.

१९२१ साली जहाज मोडीत निघालं, तेव्हा त्याची आई लोवेडे प्लिमथला तोडकामाच्या धक्क्यावर आली. पोराचे पाय जिथे लागले, असं काहीतरी तिला घरी न्यायचं होतं.

"लोखंड न्या की, मावशी. ढीग पडलाय," मुकादम म्हणाला.

"लोखंडानेच खाल्लं त्याला. लाकूड दे, मेल्या."

"मग ही घ्या. अस्सल सागवान, खास कप्तानाच्या डेकवरचं!"

ती फळी तिने चुलीशेजारी ठेवली. रोज संध्याकाळी ती तिच्यावरून हात फिरवी.

कोळसेवाल्यांना त्या डेकवर पाऊल ठेवायला मनाई होती.