ग्रुंडसावची सावली

दोन फेब्रुवारीला माळ्यावर निम्मं गवत शिल्लक हवं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या जर्मन खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही पाठ. सलोमेने शिडीवरून डोकावून पाहिलं, तर तिसरा हिस्साही नव्हता.

खाली गोठ्यात एक घोडा आणि एक गाय. घोडा नांगराचा, त्याला हात लावायची सोय नाही. गाय म्हणजे ब्लेस. लग्नात बापाने पलंग, चरखा आणि ही दिली होती. नवरा चुनखडीच्या खाणीत दबून गेला, पलंग सासऱ्याखाली गेला. आता आपलं म्हणावं असं एवढंच, आणि तेही गाभण.

"आज ग्रुंडसावची सावली पडली तर अजून सहा आठवडे थंडी," सासरा वेंडल बूट चढवत म्हणाला. "मग गाय दुपारीच कापायची. अंगावर मांस आहे तोवर."

"आणि नाही पडली तर?"

"तर वासरू तुझं. चल."

खोऱ्यातले सगळे वेंडलच्या शब्दावर जायचे. चाळीस वर्षं दर दोन फेब्रुवारीला तोच बांधावर जाऊन ग्रुंडसाव, म्हणजे हिवाळाभर बिळात झोपणारं घुशीसारखं जनावर, बाहेर येताना बघत आलेला. गेली चार वर्षं त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, हे मात्र एकट्या सलोमेला माहीत.

आभाळ भरलेलं. म्हातारा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा.

"निघालं का?"

"तोंड काढलंय, बाबा. मांजराएवढं दिसतंय. माती झटकतंय."

तेवढ्यात ढग फाटला. बर्फावर सावली पडली. लांब, काळी, शेपटासकट. जनावराने ती पाहिली आणि ते मागच्या मागे बिळात शिरलं.

"अगं बोल की! दातखीळ बसली का?"

"नाही पडली."

"देवा!" म्हाताऱ्याने टोपी काढली.

गिरणीपाशी त्याने छाती ठोकून सांगितलं, "ह्या डोळ्यांनी पाहिलंय!" शेजारचा योस्ट आपल्या दोन गाई खाटकाकडे घेऊन निघाला होता. त्याने त्या तिथूनच वळवल्या. "चला गं बायांनो, वाचलात! म्हाताऱ्याचे पाय चाटा." सगळे हसले. सलोमेही हसली.

सातवा दिवस. बर्फ.

सोळावा. बर्फ. घोडा गव्हाणीचं लाकूड कुरतडतो.

चोविसावा. तिने आपली गादी उसवली, आतला पेंढा ब्लेसपुढे टाकला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची. तो उघड्या फळ्यांवर झोपला, म्हणाला, "वसंत वाट चुकलाय. येईल."

एकोणतिसावा. बर्फ.

तेहतिसाव्या दिवशी योस्ट दार न वाजवता आत आला.

"दुसरी पण गेली," तो म्हणाला. "पहिली गेली तेव्हा म्हटलं, आजार असेल. काल पोट फाडून पाहिलं. लाकडाचा भुसा निघाला. मांस म्हणशील तर कुत्र्यानं सुद्धा हुंगून सोडलं. घरात पोरं नुसत्या आंबवलेल्या कोबीवर आहेत, वेंडल. तुझ्या डोळ्यांत त्या दिवशी शेण गेलं होतं का?"

म्हातारा उठून उभा राहिला. मग योस्टच्या डाव्या बाजूला, जिथे कोणीच नव्हतं, तिकडे तोंड करून म्हणाला, "मला दिसत नाही रे. चार वर्षं झाली. ही सांगते, मी बोलतो."

योस्ट सलोमेकडे वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं पडलं असतं.

"पडली होती?"

पुन्हा 'नाही' म्हणता आलं असतं. सूर्य म्हाताऱ्याला दिसला नव्हता, बाकी कोणी तिथे नव्हतं.

"पडली होती."

वेंडलने भिंत चाचपली आणि तो फळीवर बसला. योस्ट गोठ्यात गेला, दावं सोडायला लागला.

"माझ्या माहेरची आहे ती," सलोमे मागून म्हणाली.

"असू दे."

"दोन आठवड्यांत विणार आहे."

"माझ्याकडे दोन आठवड्यांचं गवत कुठाय?"

"नुसती हाडं राहिलीत तिची."

"हाडांचं सूप होतं."

ब्लेस दारापर्यंत आली आणि बर्फ बघून अडली. योस्टने ओढलं, शिवी दिली, पुन्हा ओढलं. ती हलेना. आत म्हातारा विचारत होता, "गेली का? सलोमे, गेली का ती?"

सलोमेने दोन्ही हात गाईच्या मांडीला लावले. तिच्या पोटात वासरू लाथ मारत होतं. तिने गाईला बाहेर ढकललं.