भोरीच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, क्षणभर आपल्या गळ्यावर बोट ठेवून पाहा. आत काहीतरी हळूच उडते आहे ना? आता अशी कल्पना करा, की तुम्ही एक कुत्री आहात. रानातली पायवाट आहे, ऊन कलले आहे, आणि करवंदीच्या जाळीतून बिबट्या तुमची नेमकी तीच जागा न्याहाळतो आहे. बिबट्या कुत्र्याचा गळाच धरतो. ती जागा राखण्यासाठी माझा जन्म झाला.

मी एक जुना, खिळ्यांचा पट्टा आहे. माझा मालक लडकू माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी शेती करी. भाताची झोडणी आटोपली, की मुंबईचे हौशी लोक आसनगावला उतरत आणि तो त्यांना किल्ल्यावर नेई. त्याच्या झिजलेल्या वहाणांचे तळ कापून सापगावच्या बारकूने मला शिवले. म्हणजे ती वाट मला जन्माआधीच ठाऊक होती! बारकूने माझ्यातून मोडक्या गाडीचे खिळे आरपार ठोकले, टोके बाहेर ठेवली आणि आतून घोंगडीची मऊ पट्टी लावली.

लडकूची मुलगी ठमी तेव्हा लहान होती. घरच्या कुत्रीच्या, भोरीच्या गळ्यात मला बांधून ती म्हणाली, "आता वाघाला म्हनावं, लाव तोंड न बघ!" आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणत.

ठमी रोज फाट्यांना, म्हणजे सरपणाला, रानात जाई. भोरी नेहमी तिच्या मागे चाले. वळण आले, की ठमी मागे न पाहताच हात मागे करी. भोरी त्या हाताला ओले नाक लावी. मग दोघी पुढे जात. घरी आल्यावर ठमी मला सोडून ठेवी आणि भोरीच्या मानेला करंजाचे तेल चोळी.

एकदा बिबट्याने खरोखरच झडप घातली. माझे खिळे त्याच्या तोंडात घुसले आणि तो ओरडत पळाला. माझे दोन खिळे वाकले, पण भोरी जगली. शेणवे गावाहूनसुद्धा लोक मला पाहायला आले. त्या दिवसांत मला फार अभिमान वाटे.

मग एका हिवाळ्यात मुंबईचे एक साहेब आले. सोबत त्यांचा प्रिन्स नावाचा केसाळ कुत्रा होता. लडकूबरोबर ठमी आणि भोरीही निघाल्या. चढणीवर प्रिन्स धापा टाकू लागला. भोरी त्याच्यासाठी थांबे आणि पुन्हा निघे. किल्ल्यावरचे पाण्याचे टाके तिनेच त्याला दाखवले. दोघे शेजारी शेजारी पाणी प्यायले. तिथे लडकूने कौतुकाने माझी हकीकत सांगितली.

साहेब म्हणाले, "असं? मग उतरताना हा पट्टा आमच्या प्रिन्सला घाल. तुझ्या कुत्रीला रानाची सवय आहे."

"नको बा! भोरीचा हाय तो!" ठमी ओरडली.

"गप गो!" लडकू म्हणाला. "पाव्हन्याचं कुत्रं हाय. त्याला काय झालं तं गावात तोंड कसं दाखवू?"

लडकूने मला सोडले. प्रिन्सच्या दाट केसांवर मी नीट बसलोही नाही.

आम्ही उतरू लागलो. पुढे साहेब, लडकू आणि प्रिन्स, मागे ठमी, सर्वांत शेवटी भोरी. एका वळणावर ठमीने हात मागे केला. हाताला काही लागले नाही. तिने वळून पाहिले. वाटेवर रक्ताचे थेंब होते आणि जाळी हलत होती. मी चार पावलांवर होतो, मित्रांनो, दुसऱ्याच्या गळ्यात.

"अरेरे, गुणी कुत्री होती," साहेब म्हणाले. "नशीब, पट्टा प्रिन्सला होता."

प्रिन्स मात्र जाळीकडे तोंड करून बसला. त्याला साखळीने ओढत न्यावे लागले.

घरी लडकू पुटपुटला, "पाव्हना होता गो. नाय कसं म्हनू?"

"आन भोरीला इचारलंस का?" ठमी म्हणाली.

लडकूने मला खुंटीवर टांगले. मी तिथे गंजत राहिलो. ठमी रानात जाई, पण वळणावर हात मागे करीत नसे.

मित्रांनो, पाहुण्याला आपल्या ताटातले द्या. जो मुका जीव तुमच्या भरवशावर वाट चालतो, त्याच्या गळ्यातले काढून देऊ नका. त्याला नाही म्हणता येत नाही.

बेचाळीस साली घरात एक पिल्लू आले. ते वाढले, पण मान बारीकच राहिली. ठमीने माझे खिळे राखेने घासले, आत जुन्या लुगड्याची घडी शिवली आणि मला त्याच्या गळ्यात बांधले. थोड्याच दिवसांनी सकाळी अंगणात पाहुणे आले. त्यांच्यासोबतही एक कुत्रा होता. ठमी आम्हा दोघांना घेऊन रानाकडे निघाली. लडकूचा हात खुंटीकडे गेला असणार. खुंटी रिकामी होती.

"ठमे! पट्टा आन गो!" त्याची हाक आम्हाला चढणीवर ऐकू आली.

ठमी चालत राहिली, आणि वळण आल्यावर मागे न पाहता तिने हात मागे केला.